पुरुष तपासणी सप्ताह

२ जानेवारी
ट्रेनिंगमध्ये त्या टायवाल्या व्याख्यात्याने सांगितलं होतं की मोठी माणसं डायरी लिहितात. म्हणून सुरुवात करतो आहे. ही कोणी वाचायची नाही, असं सौ.ला बजावून ठेवलं. ती म्हणाली, नाही वाचत, पण टेबलावर चहाचा कप ठेवता तिथला डाग तेवढा पुसत जा.
संकल्प: पहाटे उठणे. न चिडणे. वर्षअखेर उपसंचालक होणे. तिसऱ्या संकल्पाची चिंता नाही. साहेब, म्हणजे सध्याचे उपसंचालक, निवृत्त होतायत, आणि एचआयव्ही नियंत्रण विभागात माझ्याशिवाय डोकं असलेला माणूस नाही.

३ जानेवारी
पहाटे उठलो नाही. थंडी.

५ जानेवारी, दुपारी
वार्षिक आकडे आले. आमच्या विभागात गेल्या वर्षी लागण झालेल्या चारांत तीन बायका! बघितल्याबरोबर लख्ख प्रकाश पडला. हा आजार मुळात बायकांच्या निष्काळजीपणाचा आहे. पुरुष बिचारे मध्ये सापडतात.
मीटिंगमध्ये हे मांडलं. साहेबांनी मान डोलावली. (पंख्याखाली बसले की त्यांची मान आपोआप डोलते, पण ही वेगळी होती.) मग प्रश्नचिन्ह बोलायला लागली. प्रश्नचिन्ह म्हणजे आमची समुपदेशक बाई. पेशंटशी बोलायचा पगार घेते आणि आमचं डोकं खाते. म्हणे, सर, आपण तपासतो कोणाला? दवाखान्यात आलेल्या गरोदर बायकांना. पुरुषांना कोण तपासतंय? डावाच खिसा चाचपला तर सगळी नाणी डाव्याच खिशात सापडणार.
सरकारी बैठकीत खिशांवर चर्चा नको, असं मी शांतपणे सुनावलं. चिडलो नाही. फक्त फाइल आपटली.

९ जानेवारी
मोहिमेचं घोषवाक्य सुचलं, दाढी करताना. 'तिने ठरवलं, तर टळेल!' पोस्टरवर एक बाई, एक बोट वर केलेली. खाली लिहिलंय की पत्नीने पतीकडे निरोधचा आग्रह धरावा.
प्रश्नचिन्हाच्या कपाळावर आठ्या. तिच्याकडे येणाऱ्या कोणा बाईने म्हणे असा आग्रह धरला. नवऱ्याने मुस्काटात मारली आणि विचारलं, हे कोणाकडून शिकून आलीस? बाई म्हणाली, मला घरात भाजी ठरवायची मुभा नाही, हे कुठून ठरवू?
एका मुस्काटावर धोरण ठरत नसतं. शिवाय पोस्टर छापून झालंय.

१६ जानेवारी
निरोधची खोकी आली. उघड्यावर बरं दिसत नाही म्हणून सगळ्यांवर 'स्टेशनरी' लिहून घेतलं आणि किल्ली माझ्याकडे ठेवली. बायका मागायला आल्या तर कारण विचारून, नवऱ्याची परवानगी बघून द्यायचे, असं सांगितलं. शिस्त लागते.

१९ जानेवारी
हिशेब विभागाने स्टेशनरी मागितली होती. स्टोअरकीपरने दोन खोकी पाठवून दिली. गाढव आहे. परत मागवली. दीडच आलं.

२३ जानेवारी
आजचा दिवस माझ्या कारकिर्दीत सोन्याचा. परिपत्रक निघालं.
विषय असा. तपासणीत लागण निघाली की केंद्रातली माणसं थेट त्या बाईलाच सांगत. बाई रडणार, शेजारीपाजारी बोलणार, घरात रामायण. म्हणून मी नियम घातला की विवाहित स्त्रीचा निकाल आधी कुटुंबप्रमुखाला सांगावा, आणि त्याने तो तिला 'योग्य वेळी' सांगावा. 'योग्य वेळी' हे शब्द मला स्वतःला फार आवडले. किती समंजस वाटतात!
प्रश्नचिन्ह थेट केबिनमध्ये. म्हणे, सर, रक्त तिचं, आजार तिचा, पोटातलं मूल तिचं, आणि कळणार शेवटी तिला? बहुतेकींना तर नवऱ्याकडूनच आलेला असतो. तो कशाला सांगेल? आणि तिच्या गोळ्या उशिरा सुरू झाल्या तर मूलही आजारात सापडतं. वेळेवर सुरू झाल्या तर मूल बहुतेक सुखरूप सुटतं, हे तुम्हीच भाषणात सांगता.
मी सांगतो ते भाषणासाठी असतं, परिपत्रक वेगळं, हे तिला कळेना. साहेबांनी चहा पिता पिता सही केली. बशी ठेवल्याचा गोल उमटलाय कागदावर. हरकत नाही.

१० फेब्रुवारी
पहाटे उठण्याचा संकल्प आता सहाऐवजी साडेसातला पहाट धरून चालू केला आहे. यशस्वी.

२७ फेब्रुवारी, संध्याकाळी
जावईबापू आले होते. म्हणजे माझ्या धाकट्या बहिणीचा नवरा. वडील गेल्यापासून घरातला कर्ता मी, त्यामुळे जावई माझाच. कंपनीचा माल घेऊन गावोगाव फिरतो. चुणचुणीत माणूस. धाकटीला पाचवा महिना आहे.
दार लावून घ्या म्हणाले. सौ. चहा ठेवून गेली. मग सांगितलं. केंद्रातून बोलावणं आलं होतं. धाकटीच्या रक्तात एचआयव्ही निघाला.
मी उठून दाराची कडी पुन्हा एकदा तपासली. पक्की होती.
जावईबापू मान खाली घालून म्हणाले, दौऱ्यावर असलं की माणसाचं कधी कधी होतं. शंभरात एखादाच पुरुष इतकं सरळ कबूल करतो. माझा त्यांच्याबद्दलचा आदर वाढला. विचारत होते, हिला काय सांगू?
मी विचार केला. बराच केला. आज गोळ्या सुरू केल्या तर बाळ बहुतेक वाचेल, हे माझ्यापेक्षा जास्त कोणाला माहीत? पण ते सर्वसाधारण बायकांचं. धाकटी हळवी. तिला कळलं तर ती विचारणार कुठून आला. मग संसार मोडणार. मग चार लोक बोलणार, कार्यक्रम अधिकाऱ्याच्याच घरात? आणि तेही याच वर्षी? (बढतीचा विचार माझ्या मनात आलासुद्धा नाही. पेन पुढे गेलं म्हणून लिहिलं.)
बाळंतपण होऊन जाऊ दे, मग सांगू, असं ठरलं. ही योग्य वेळ. परिपत्रकातही तेच म्हटलंय. आपण किती दूरदृष्टीने लिहितो, हे अशा वेळी कळतं.
जावईबापूंची सोय मात्र लगेच करून दिली. कमावता माणूस उभा राहिला पाहिजे. ऑफिस सुटल्यावर आपल्या विश्वासातल्या तंत्रज्ञाकडून गुपचूप तपासणी, आणि निघालंच तर गोळ्या. घरी कळू नये म्हणून गोळ्या टॉनिकच्या रिकाम्या बाटलीत ठेवायच्या, ही कल्पना त्यांची. डोकं आहे.

२ मार्च
त्यांचं निघालं. गोळ्या सुरू. चला, एक जीव मार्गाला लागला.

१८ मार्च
धाकटी आली होती. गालफडं बसलीत. म्हणे, दादा, फार थकवा येतो रे. मी फळं खा, विश्रांती घे, आनंदी राहा असं सांगितलं. ती माझ्याकडे बघून हसली आणि म्हणाली, तू माझ्याशी असं काय बोलतोयस, मी तुझ्या केंद्रात आल्यासारखं?
अॅसिडिटी. सोडा प्यायलो.
लग्नाआधी ती कपड्यांच्या दुकानात हिशेब बघायची. तेव्हा माझ्यावर खेकसायची, दादा, बेरीज चुकली तुझी. सासरी नोकरी सोडायला लावली. मीच म्हटलं होतं, सोड, घरात लक्ष घाल. चांगलंच झालं ते. बाईमाणसाला दगदग नको.

२ एप्रिल
वरून फर्मान. पुरुषांचे आकडेही पाहिजेत. प्रश्नचिन्हाने कुठेतरी लिहून पाठवलं असणार, मला खात्री आहे. ठीक आहे. मागाल ते देऊ. 'पुरुष तपासणी सप्ताह' जाहीर केला. सात दिवस, मैदानात मंडप, चहा, केळी, टोपी फुकट. वेळ अकरा ते चार. किमान पाचशे पुरुष. पुढच्या वर्षी परदेशी परिषदेत मांडण्यासारखा प्रयोग!
प्रश्नचिन्ह म्हणाली, अकरा ते चार पुरुष कामावर असतात. मी म्हणालो, मग बायकांनी घरी समजावून पाठवावं. तिने डोळे मिटले आणि बराच वेळ उघडले नाहीत. झोपतात हे लोक मीटिंगमध्ये.

१२ एप्रिल
उद्घाटन. 'मर्दा, पुढे ये!' हे भाषण मी स्वतः लिहिलेलं. टाळ्या पडल्या. एकशे चाळीस टोप्या गेल्या. तपासणी: शून्य. पहिलाच दिवस आहे.

१३ एप्रिल
केळी संपली. तपासणी: शून्य. रिक्षावाल्यांचा एक घोळका आला होता. नर्सने सुई काढली तर म्हणाले, आम्हाला काय झालंय, बायको करून आलीये, तिचं चांगलं निघालं म्हणजे आमचंही चांगलंच. शास्त्रीय दृष्टिकोनाचा किती अभाव! तरी त्यांच्या म्हणण्यात काहीतरी तथ्य वाटतं.

१४ एप्रिल
प्रश्नचिन्हाने माइकवरून सुचवलं की पहिली तपासणी अधिकाऱ्यांची व्हावी, लोकांची भीड चेपेल. माइकवरून! नर्स सुई घेऊन उभी. साहेबांना अचानक फोन आला. मला सर्दी होती. सर्दीत रक्त काढू नये, असं कुठेतरी वाचलंय. शिवाय माझ्यासारख्या संसारी माणसाला गरज काय? बोटाला टोचायचं असतं फक्त, असं नर्स म्हणाली. मला काय माहीत नाही? पण तत्त्वाचा प्रश्न आहे.

१८ एप्रिल
समारोप. टोप्यांचं संपूर्ण वाटप, शंभर टक्के यश. तपासणीच्या रकान्यात शून्य बरं दिसेना. एक लिहिलं. खोटं नाही ते. जावईबापू पुरुषच आहेत, तपासणी झालीच आहे, फक्त सप्ताहाच्या जरा आधी. अहवालात वाक्य टाकलं: 'एका पुरुषाने धैर्याने पुढे येऊन उपचार सुरू केले.'
साहेबांना वाक्य आवडलं.

२५ एप्रिल
प्रश्नचिन्हाचा काटा काढला. नदीपलीकडच्या केंद्रात बदली. म्हणे टोप्यांचा खर्च आणि तपासणीचा आकडा शेजारी शेजारी मांडून तिने भिंतीवर लावला होता. तिकडे गरोदर बायकांची रांग असते, बोल म्हणावं पोटभर. आजपासून ऑफिसात शांतता. कामं भराभर होणार.

२९ एप्रिल
शांतता आहे. काम काही सुचत नाही.

१४ मे, दुपारी
डोकं सुन्न झालंय. क्रमाने लिहितो.
नदीपलीकडचं केंद्र म्हणजे धाकटीच्या घराजवळचंच, हे बदलीच्या वेळी माझ्या लक्षात आलं नाही. मला एवढी कामं असतात. धाकटी आज तिथे गेली. नवऱ्याची टॉनिकची बाटली पिशवीत घालून. हे टॉनिक ते एक दिवस चुकवत नाहीत, तब्येत कशी टकाटक झालीये त्यांची, मला फार अशक्तपणा आहे, पोटुशीला चालतं का, असं तिला विचारायचं होतं. विचारलं कोणाला? प्रश्नचिन्हाला. तिने एक गोळी तळहातावर घेतली आणि ओळखली.
मग तिने दार लावलं, रजिस्टर उघडलं आणि धाकटीला सगळं सांगितलं. थेट! कुटुंबप्रमुखाला न विचारता! सरळ सरळ शिस्तभंग. गोळ्या तिथल्या तिथे सुरू केल्या. आठवा महिना चालू आहे.
नोटीस काढायला बसलो. कारण लिहिताना अडलो. 'संबंधित महिलेस तिचाच आजार सांगितला' असं वाचायला बरं दिसत नाही.

१६ मे
धाकटी आमच्याकडे आली, एका बॅगेनिशी. सासू म्हणाली, हिनेच घरात आणला. मुलगा गप्प बसला. हिची भांडी वेगळी केली. मी जावईबापूंना फोन केला. म्हणाले, मी मनात आणलं तर घरात ठेवून घेईन, पण आईचं वय झालंय. माझं नाव मात्र त्यांनी कुठे काढलं नाही. शब्दाचा पक्का माणूस.
रात्रीच्या जेवणाआधी मी सौ.ला हळूच सुचवलं की चहाचा एक कप वेगळा ठेवलेला बरा. कपाने लागण होत नाही हे मला माहीत आहे, शंभर वेळा व्याख्यानात सांगितलंय. पण घरात जरा खबरदारी. सौ.ने एक कप वेगळा काढला आणि माझ्यापुढे ठेवला. तेव्हापासून मला त्याच कपात चहा मिळतो. कान तुटलाय त्याचा.

३० मे
धाकटी रोज ठरल्या वेळी गोळी घेते. मोठ्या आवाजात म्हणते, घेतली. कोणाला उद्देशून म्हणते कळत नाही. सौ. स्वयंपाकघरातून ओ देते. कपड्यांच्या दुकानाचा मालक तिला परत घ्यायला तयार आहे म्हणे, बाळंतपणानंतर. मी म्हणालो, जावईबापू नेतील तुला, घाई करू नकोस. तिने माझ्याकडे असं बघितलं, जसं मी सप्ताहात केळी खायला आलेल्या माणसांकडे बघत होतो.
मी सगळ्यांसाठी राबतो आणि घरात ही किंमत.

१२ जून
नोटीस काढली नाही. उदारपणे सोडून दिलं. साहेबांनी विचारलं, त्या बाईने सांगितलं ती पेशंट कोण होती? मी म्हणालो, आहे कोणीतरी.

९ जुलै
मुलगी झाली. वजन कमी, पण रडते खणखणीत. जावईबापू आले नाहीत. दौऱ्यावर आहेत. बाळाला औषधाचे थेंब सुरू केलेत. रक्ताचा निकाल दीड महिन्याने घेणार. सगळं ठीक होणार. आठवा महिना म्हणजे काही अगदी उशीर नव्हे, असं मी सौ.ला समजावलं. मग पाचव्यात सुरू झाल्या असत्या तर आणखी बरं झालं असतं का, असं तिने विचारलं. मला तातडीने ऑफिसला निघावं लागलं.

३ ऑगस्ट
उपसंचालकपदाचा आदेश आला! साहेबांनी सप्ताहाच्या अहवालाची खास शिफारस केली होती. घरी येऊन जाहीर केलं. धाकटी बाळाला पाजत होती. तिला केंद्रात सांगितलंय की आईने स्वतःच्या गोळ्या न चुकवता पाजायचं. सौ. म्हणाली, बरं झालं. एवढंच. मी तुटक्या कानाच्या कपातून स्वतःच्या हाताने चहा करून प्यायलो. संकल्प पूर्ण झाल्यावर इतकं रिकामं का वाटतं, हे टायवाल्याने सांगितलं नव्हतं.

१० ऑगस्ट
नवीन केबिन. खुर्ची फिरते. पहिलं काम म्हणून जुनं परिपत्रक तपासायला घेतलं. 'योग्य वेळी' हे शब्द खोडावेत का, असा विचार केला. पण मग लोक विचारतील, आधी का लिहिले? राहू दिले.

२९ ऑगस्ट
बाळाचा निकाल आला. लागण आहे.
मी, सौ. आणि धाकटी, नदीपलीकडच्या केंद्रात. प्रश्नचिन्हाने निकाल धाकटीच्या हातात दिला. खुर्च्या दोनच, मी उभा. ती म्हणाली की एकदा खात्रीसाठी पुन्हा करतील, पण बाळाच्या गोळ्या आजपासूनच सुरू करायच्या, आणि नीट घेतल्या तर ही मोठी होईल, शाळेत जाईल, सगळं करेल. मी म्हणालो, बरोबर आहे, आता उपचार उत्तम आहेत, मी उपसंचालक म्हणून सांगतो. कोणी माझ्याकडे बघितलं नाही.
धाकटीने विचारलं, आधी सुरू केल्या असत्या तर? प्रश्नचिन्हाने माझ्याकडे बघितलं नाही, तिच्याकडेच बघत राहिली आणि म्हणाली, तर बहुतेक नसती झाली.
मग धाकटी माझ्याकडे वळली. दादा, तुला कधीपासून माहीत होतं?
मी म्हणालो, कशाबद्दल म्हणतेस? मग म्हणालो, नक्की आठवत नाही. मग ऑफिसच्या कामाचा ताण, आकड्यांचा गोंधळ, असं बरंच काही बोललो. माझा आवाज खूप मोठा होता. बाहेरच्या रांगेतल्या बायका आत डोकावत होत्या.
सौ. म्हणाली, ज्या दिवशी तुझे हे आमच्याकडे आले आणि दोघं दार लावून बसले, मी चहा ठेवून बाहेर आले, त्या दिवसापासून. तुला पाचवा होता.
बाळ धाकटीच्या मांडीवर होतं. ती बोटांवर महिने मोजायला लागली, पाचवा, सहावा, आणि मध्येच थांबली. मला वाटलं, संपलं.
ती पुन्हा पहिल्यापासून मोजायला लागली.